आप्पांच्या गाडीचा मागचा ब्रेक

सासऱ्याला हुकूम सोडायची मुभा फार थोड्या सुनांच्या नशिबी येते. या सुनेच्या नशिबी ती आली होती, पण फक्त ब्रेकमधली हवा काढताना.

हे काम दोघांचं असतं. एकाने गाडीवर बसून मागच्या ब्रेकचं पेडल पायाने दाबायचं. दुसऱ्याने खाली चाकापाशी उकिडवं बसून ब्रेकचं छोटं निपल पान्याने जरासं सैल करायचं. निपलाला बारीक पारदर्शक नळी लावलेली, नळीचं दुसरं टोक बाटलीत. दाबलेलं ऑइल नळीतून बाटलीत येतं आणि आत अडकलेली हवा बुडबुडे होऊन त्याच्याबरोबर निघते. मग निपल बंद करायचं आणि मगच वरच्याने पाय सोडायचा. क्रम चुकला, निपल उघडं असतानाच पाय उचलला गेला, तर नळीतून उलट हवा आत शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून खालच्याने सांगायचं आणि वरच्याने लगेच उत्तर द्यायचं.

"दाबा," ती म्हणायची.

"दाबला," आप्पा वरून म्हणायचे.

"धरा."

"धरलाय."

"सोडा."

"सोडला."

एरवी घरात "आप्पा, पान वाढलंय" याच्या पलीकडे तिचा आवाज चढत नसे. गॅरेजात मात्र ती पाना हातात घेऊन "धरा, धरा म्हटलं ना!" असं खुशाल ओरडायची आणि आप्पाही शाळेतल्या पोरासारखे निमूट ऐकायचे. शेजारच्या दुकानातले शिंपीकाका शिवणयंत्र थांबवून म्हणायचे, "आप्पा, बायकोचं एवढं ऐकलं असतंत तर बिचारी सुखात गेली असती." आप्पा म्हणायचे, "तिला हवा काढता येत नव्हती. माझी सोडून."

खरं तर या सुनेला गॅरेजात कोणी आणलं नव्हतं, ती आपोआप आली. नवऱ्याला लहानपणापासून ग्रीसची शिसारी. तो शिकला, दूरच्या शहरात ऑफिसात चिकटला आणि सुट्टीपुरता घरी येऊ लागला. सासूबाई गेल्या तेव्हा आप्पा कामाशिवाय कुणाशी बोलेनासे झाले. घर वर, गॅरेज खाली. ती चहा घेऊन खाली यायची आणि कप रिकामा होईपर्यंत थांबायची. एके दिवशी आप्पा चाकाखालून म्हणाले, "तो दहाचा पाना दे." तिने बरोबर दहाचाच दिला. आप्पांनी मान बाहेर काढून तिच्याकडे बघितलं आणि तिथून सगळं सुरू झालं. गल्लीने नाकं मुरडायची तेवढी मुरडली. आप्पांनी सगळ्यांना एकच उत्तर ठेवलं होतं. "माझा मुलगा खुर्चीत बसतो, सून गाड्या दुरुस्त करते. तुमच्याकडे दोघंही नुसतेच जेवतात."

तेव्हा चाकापाशी आप्पा बसायचे आणि गाडीवर ती. मग आप्पांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, उकिडवं बसणं बंद झालं आणि जागांची अदलाबदल झाली. गॅरेज हळूहळू तिचं झालं. आप्पांकडे उरलं एक स्टूल, गिऱ्हाइकांशी गप्पा आणि सकाळची एक फेरी. नात भिंगरी हिला मोटरसायकलवर मागे बसवून शाळेत सोडायची फेरी. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण ती पोर एका जागी ठरेल तर शपथ. आप्पांच्या दिवसात जेवढा म्हणून आनंद होता तो त्या फेरीत होता. सकाळी ते दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, आणि हॉर्न वाजवून नातीला खाली बोलवायचे.

आणि नेमका त्याच गाडीचा मागचा ब्रेक दगा देऊ लागला.

पहिल्यांदा आप्पा येऊन म्हणाले, "मागचा ब्रेक मऊ लागतोय गं. शाळेच्या उतारावर पाय आतच जातो." तिने हवा काढली. ब्रेक दगडासारखा घट्ट झाला. चार दिवसांत तीच तक्रार. तिने ऑइल सगळंच बदललं, वॉशर बदलले. पुन्हा घट्ट. आणि पुन्हा उतारावर मऊ. गंमत अशी की गाडी गॅरेजात परत येऊन थंड झाली की ब्रेक शहाण्या मुलासारखा वागायचा. ती स्वतः गल्लीत चक्कर मारून यायची, दाबून दाबून बघायची, काही म्हणता काही सापडायचं नाही.

तिसऱ्या वेळी गॅरेजात दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर आप्पा म्हणाले, "हवा राहते हिच्या हातून. हात हलका आहे अजून."

शब्द साधेच होते, पण तिला ते चटका लागल्यासारखे लागले. त्या दोघांतला एकजण स्वतःच्या ब्रेकसाठी आला होता. तो हळूच म्हणाला, "आप्पा, माझी तेवढी तुम्हीच बघाल का?" इतकी वर्षं ज्या माणसाने तिची बाजू घेतली, त्यानेच तिला खाली पाडलं होतं. तिने हत्यारं पुसून जागच्या जागी ठेवली. रात्री वर गेल्यावर मात्र भांडी जरा जास्तच आवाज करत घासली गेली.

तेव्हापासून तिला एकच ध्यास लागला. आपलं काम चोख आहे हे सिद्ध करायचं. आप्पांनी चारचौघांत म्हटलं होतं, तसंच चारचौघांत मागे घ्यायला लावायचं. यात वाईट काही नाही. कामाच्या माणसाला तेवढा अभिमान असतोच, आणि असावाच.

मग ती सकाळ आली.

शाळा तशी लांब होती. आधी कालव्याच्या कडेचा लांबलचक सपाट रस्ता आणि अगदी शेवटी तीव्र उतार, उताराच्या पायथ्याशी शाळेचं फाटक. आप्पा भिंगरीला घेऊन गेले आणि नेहमीपेक्षा फार लवकर परत आले. भिंगरी मागेच बसलेली. तिचं कोपर सोललेलं, फ्रॉकला वाळू. आप्पांचा इस्त्रीचा शर्ट एका बाजूने मातीने माखलेला.

"काही नाही झालं," आप्पा उतरायच्या आधीच म्हणाले. याचा अर्थ पुष्कळ काही झालं होतं.

भिंगरीनेच सांगितलं. तिला त्यात मजाही वाटत होती आणि रडूही येत होतं. "आई, ब्रेक लागलाच नाही! आप्पा म्हणाले घट्ट धर, आणि मग आम्ही वाळूत गेलो. तिथे घर बांधतात ना, त्या वाळूच्या ढिगात. आणि फाटकापाशी किती मुलं होती!"

सुनेने पोरीला जवळ घेतलं. ती कोपर धुऊ लागली. वाळूचा ढीग नसता तर, हा विचार तिने मनात पुरता येऊच दिला नाही. पोर मात्र बोलतच होती. "आणि आई, आपल्या गाडीला ना रोज वास येतो. शिंपीकाकांच्या इस्त्रीसारखा. आप्पांना सांगितलं तर म्हणतात, तुझं नाक फार लांब आहे."

सुनेचा हात थांबला. "रोज येतो वास?"

"रोज. कालवा संपला की."

पोरीला वर झोपवून ती खाली आली. आप्पा स्टुलावर बसले होते. चूक कबूल करायची नाही असं ठरवलेल्या माणसाचा चेहरा त्यांनी लावला होता.

"उद्यापासून मी सोडते तिला," ती म्हणाली.

"का?"

"आप्पा, आज पोर वाचली."

"वाचली कारण गाडी माझ्या हातात होती! दुसरा कोणी असता तर फाटकात घुसला असता." हे खोटंही नव्हतं. "तुला ब्रेक जमत नाही म्हणून मी घरी बसू? आज काय ते नीट कर. उद्या सकाळी मी नेणार तिला."

असं म्हणून ते अंग धुवायला वर गेले. जिन्याच्या पायरीवर त्यांची उजव्या पायाची चप्पल राहिली. ही घरातली जुनी थट्टा होती. आप्पांची चप्पल वाटेत कुठेतरी पायातून निसटायची आणि ते तसेच पुढे जायचे. कधी शिंपीकाका आणून द्यायचे, कधी भिंगरी. सगळे हसायचे, आप्पाही हसायचे. सुनेने चप्पल उचलून बाजूला ठेवली आणि कामाला बसली.

मागचं चाक उतरवलं तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं की आपण महिनाभर हवेच्याच मागे लागलो होतो. आप्पा म्हणाले हवा, म्हणून हवा. डिस्कच्या पोलादावर निळसर झाक चढली होती, गरम होऊन होऊन चढते तशी. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झालेला. आठच दिवसांपूर्वी घातलेलं ऑइल करपलेल्या तेलासारखं काळपट दिसत होतं. म्हणजे हा ब्रेक नुसता उतारावर लागत नव्हता. तो सगळ्या सपाट रस्त्यावर लागलेलाच राहत होता. तापत होता, आतलं ऑइल उकळत होतं, त्याची वाफ होत होती. आणि उतारावर खरी गरज पडायची तेव्हा पाय त्या वाफेवर पडायचा. थंड झालं की वाफेचं पुन्हा ऑइल, आणि ब्रेक घट्ट. इतकं सरळ होतं सगळं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तिच्या अंगात वीज संचारली. आता कोण ब्रेक धरून ठेवतंय तेवढं शोधायचं. तिने पॅड दाबणारा पिस्टन काढला. बोटाने ढकलला तरी सरकत होता, कुठे अडकत नव्हता. पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना तिनेच ग्रीस लावून बसवल्या होत्या, त्या लोण्यासारख्या हलत होत्या. पेडलचा दांडा ऑइल ढकलणाऱ्या वरच्या मास्टर सिलिंडरला टेकून बसलाय का पाहिलं. नाही, हवी तेवढी फट होती. स्प्रिंग ठणठणीत. एकेक संशयित निर्दोष सुटत गेला.

शिंपीकाका गळ्यात टेप तसाच ठेवून डोकावले. सकाळची बातमी त्यांना कळली होती. "बरं झालं थोडक्यात निभावलं," ते म्हणाले. "आणि हो, तो लाल दिवाही बघ. परवा मी आप्पांच्या मागे होतो. कालव्यावर मोकळा रस्ता, पुढे चिटपाखरू नाही, आणि यांचा ब्रेकचा दिवा आपला पेटलेलाच."

"स्विच अडकत असेल," ती म्हणाली.

तिने स्विच तपासला. किल्ली फिरवून पेडल हाताने दाबलं, मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला. सोडलं, उजेड गेला. दहा वेळा केलं, दहाही वेळा तसंच. स्विचही निर्दोष होता.

आप्पा आंघोळ करून खाली आले तेव्हा तिने सगळं पुन्हा जोडलं होतं. फक्त हवा काढायची राहिली होती. गाडी स्टँडवर, किल्ली तशीच चालू राहिलेली. "बसा आप्पा," ती म्हणाली. आप्पा गाडीवर चढले. राग कितीही असो, या कामाला ते कधी नाही म्हणत नसत.

"दाबा."

"दाबला."

भिंत लाल झाली.

"धरा."

"धरलाय."

नळीतून बुडबुडे आले. तिने निपल बंद केलं.

"सोडा."

"सोडला."

भिंत लालच होती.

या कामात तिची नजर नेहमी नळीत असायची आणि कान आप्पांकडे. पाय बघायची गरज कधी पडलीच नव्हती. आप्पा सोडला म्हणाले म्हणजे सोडला. आज तिने मान वळवून पाय बघितला. टाच वर उचललेली होती. पायाचा पुढचा भाग मात्र पेडलवर तसाच होता, ओल्या फडक्यासारखा टाकलेला. आणि आप्पा समोर रस्त्याकडे बघत होते. पुढचा हुकूम कधी येतो याची वाट बघत, अगदी निर्धास्त.

"सोडला ना, आप्पा?" तिने हळू विचारलं.

"म्हटलं ना, सोडला! कान फुटले का?"

तिने हात लांब केला आणि पेडलखाली बोट घालून ते पायासकट वर ढकललं. भिंतीवरचा लाल उजेड गेला. आप्पांना कळलंही नाही की कोणी त्यांचा पाय उचलला.

त्या क्षणी तिला चपला आठवल्या. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आप्पांच्या रक्तातल्या साखरेबद्दल, तिच्यामुळे बधिर होत जाणाऱ्या पायांबद्दल काय काय सांगितलं होतं ते आठवलं. मागच्या महिन्यात आप्पांच्या तळव्यात खिळा रुतला होता आणि फरशीवर रक्त बघून भिंगरी ओरडली तेव्हा कुठे तो सापडला, तेही आठवलं. तेव्हा आप्पा म्हणाले होते, "मेकॅनिकची कातडी आहे, गेंड्याची." सगळे हसले होते. तीही हसली होती.

तिचं काम चोख होतं. आठवडाभर तिला हेच हवं होतं आणि आता ते हातात आलं होतं. आणि आता ते कुठे टाकून द्यावं हे तिला कळेना. हे सांगायचं म्हणजे आप्पांची गाडी काढून घ्यायची, सकाळची फेरी काढून घ्यायची, मग त्या माणसाकडे राहतं काय? नुसतं स्टूल. न सांगावं तर मागच्या सीटवर तिची स्वतःची पोर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

ती उठली आणि हात पुसत खोटं बोलली.

"मास्टर सिलिंडर गेलाय, आप्पा. आतून. पार्ट मिळत नाही याचा, मागवावा लागेल. महिना तरी जाईल."

जगातल्या सगळ्या गॅरेजांत हे खोटं बोललं जातं. याच गॅरेजात तेवढी त्याला बंदी होती आणि ती आप्पांनीच घातलेली. पार्ट मिळत नाही असं गिऱ्हाइकाला उगाच सांगितलेलं आप्पांना कळलं, तर ते जेवत नसत.

आप्पांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी विश्वास ठेवला होता. ते गाडीवरून उतरले, तिच्याजवळ आले.

"म्हणजे हवा नव्हतीच? सिलिंडर होता?" ते म्हणाले. "अरे देवा. आणि मी तुला चार माणसांत बोललो. चुकलं गं माझं. तुझा हात चांगला आहे, मला माहीत होतं. वय झालं की जीभ सैल सुटते, दुसरं काही नाही."

यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"बरं मग," आप्पा हात झटकत म्हणाले. आता ते खुशीत आले होते. "महिनाभर शिंप्याची गाडी घेतो मागून. त्याची नुसती उभीच असते. पोरीची शाळा बुडायला नको." आणि रस्त्याकडे तोंड करून हाक मारली, "शिंपी! ए शिंपी! उद्यापासून तुझी गाडी लागेल रे मला!"

"घ्या की!" पलीकडून आवाज आला. "किल्ली आणून देतो!"

खोट्याला पाय नसतात म्हणतात. तिचं खोटं गॅरेजचा उंबराही ओलांडू शकलं नाही.

"आप्पा, बसा परत," ती म्हणाली.

"आता कशाला? सिलिंडर गेलाय ना?"

"सिलिंडर गेला नाही. मी खोटं बोलले. बसा."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. आप्पा बसले. ती या वेळी चाकापाशी बसली नाही. बाजूला उभी राहिली, पान्याशिवाय.

"दाबा."

"दाबला," आप्पा म्हणाले. आवाज जरा खाली आलेला.

"सोडा."

"सोडला."

"आप्पा, आरशात बघा. मागची भिंत."

हँडलच्या आरशात मागची भिंत दिसत होती. भिंतीवर लाल उजेड होता. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "स्विच अडकलाय."

"स्विच मी बघितला."

"पेडल अडकलं असेल."

तिने फक्त त्यांच्या पायाकडे बघितलं. मेकॅनिकला मेकॅनिकने समजावून सांगायचं नसतं. आप्पांनी मान खाली घातली आणि आपला पाय बघितला. तो पेडलवर होता. त्यांनी तो बघत बघत उचलला. भिंत काळी झाली. मग त्यांनी डोळे मिटले, पाय ठेवला, उचलला आणि डोळे उघडून आरशात बघितलं. लाल. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा लाल. सुनेला वाटलं ओरडून सांगावं की पुरे, पण आप्पा थांबले नाहीत. कुणा गिऱ्हाइकाची गाडी तपासावी तसे ते स्वतःला तपासत होते, आणि घाई करत नव्हते.

शेवटी डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी विचारलं, "आता कुठे आहे गं पाय?"

"पेडलवर आहे, आप्पा."

"मला वाटलं, खाली आहे."

बाहेरून शिवणयंत्राचा आवाज थांबल्याचं कळलं. आप्पांनी डोळे उघडले. "किती लोकांना या गॅरेजातून हाकललंय मी," ते म्हणाले. "पाय ब्रेकवर ठेवून गाडी चालवता आणि वर ब्रेकला नावं ठेवता, नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून. किती जणांना." मग पायाकडे बघत, "डॉक्टर म्हणाला होता, पायांकडे लक्ष ठेवा. मी म्हटलं, ते कुठे पळून जातायत?"

सुनेला बोलायचं होतं. औषध घेऊ, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ, असं पुष्कळ काही होतं. पण तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या.

शिंपीकाका किल्ली घेऊन आले. त्यांच्या मागोमाग ते त्या दिवशीचं ब्रेकवालं गिऱ्हाईकही आलं, आपली गाडी न्यायला. सुनेने डोळ्यांनीच काकांना थांबायची खूण केली, पण आप्पांनी ती बघितली.

"किल्ली नको रे," आप्पा गाडीवरूनच म्हणाले.

"का? झाला वाटतं ब्रेक?"

"ब्रेक बिघडलाच नव्हता. हिने तीनदा केला आणि तिन्ही वेळा चोख केला. मी हिला नावं ठेवली ती खोटी होती." त्यांनी गिऱ्हाइकाकडे बघितलं. "तुझ्यासमोर बोललो होतो, म्हणून तुझ्यासमोर सांगतो. माझा पाय गेलाय. त्याला ब्रेक दाबलेला कळत नाही, सोडलेला कळत नाही. आज सकाळी माझ्या नातीला मी मारलं असतं."

 शिंपीकाका गळ्यातला टेप उगाच गुंडाळत राहिले. हेच शब्द ऐकायला ती आठवडाभर तळमळली होती, आणि आता ते ऐकू येऊ नयेत म्हणून कान झाकून घ्यावेत असं तिला वाटत होतं. आप्पांनी किल्ली बंद केली, ती तिच्या हातात दिली आणि गाडीवरून उतरताना पाय कुठे पडतोय ते बघून बघून उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली. शर्टही इस्त्रीचाच घातला. सुनेने गाडी बाहेर काढली, हेल्मेट चढवलं. भिंगरी उड्या मारत आली, मागे बसली आणि तिने आजोबांकडे बघितलं.

"आप्पा, तुम्ही?"

"मी आता मालक झालो. मालक गाडी चालवत नाहीत."

"मग काय करतात?"

"बुटाचे बंद बांधतात," आप्पा म्हणाले, कारण तिचा उजवा बंद सुटला होता. त्यांनी गाडीला धरलं आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना न जुमानता खाली बसले. पोरीचं पाऊल हातात घेतलं, बंद बांधला, ओढून बघितला. पण पाऊल लगेच सोडलं नाही. मोज्याच्या वर, घोट्यापाशी त्यांनी बोटाने हलकेच टेकवून बघितलं. मग त्याहून हलकं.

"कळतंय का गं? कुठे बोट आहे माझं?"

"घोट्यावर! आप्पा, गुदगुल्या होतात!" ती खिदळून पाय ओढू लागली.

"होतात ना? अगदी एवढ्याशानेही?"

"हो!"

"होऊ देत," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी दुसरं पाऊल हातात घेतलं.

सुनेने हेल्मेटची काच खाली ओढली. तिला रडू आवरत नव्हतं. आप्पांचं बघून होईपर्यंत तिने गाडी सुरू केली नाही.